हुंगलेलं सोल्युशन

पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला की मला भरवेलीच्या खाण वसाहतीतली एक दुपार आठवते. बारावी नापास झालेला माझा मित्र खाणीत नोकरी लागेल या आशेवर घरी बसला होता आणि बसल्या बसल्या रुमालावर सोल्युशन ओतून हुंगायला लागला होता. मी तेव्हा नशाविरोधी पत्रकं वाटत फिरायचो. त्याने ती सगळी वाचली, माझ्या भाषेचं कौतुक केलं आणि हुंगणं चालू ठेवलं. मग त्याच्या कपड्यांचा वास त्याच्या आईला आला. घरोघरी सायकल असलेल्या त्या वसाहतीत या वासाचा अर्थ एकच होता: पोरगं पंक्चर जोडायला शिकलं! तिने मोहल्लाभर सांगितलं आणि अंगणात पंक्चर सायकलींची रांग लावली. "बस बेटा, जोड." त्याला टायरही काढता येईना. हातातून पाना पुन्हा पुन्हा पडू लागला, सायकली घेऊन आलेल्या बाया हसू लागल्या. शेवटी तो ओरडला, "मी जोडत नाही वो माय, हुंगतो!" तिने त्याच्या खिशातला रुमाल ओढून हुंगला आणि तोंड वाकडं केलं. "याच्यापेक्षा तुया बापाचे मोजे बरे!" सगळे हसले, तोही हसला आणि हसता हसता रडायला लागला. तिने शेजाऱ्याची धड सायकल मागून आणली आणि म्हणाली, "चाल दवाखान्यात. तूच चालव, मी मागं बसतो." मी आजही आवेशाने पत्रकं लिहितो, पण ‘नशेवर उपाय’ हा मथळा आला की पेन अडतं आणि डगमगत्या सायकलवर त्याची कंबर घट्ट धरून, त्याला शिव्या देत निघालेली ती माय दिसते.