जनरलने पिस्तूल ठेवलं का?

कुवेतमध्ये खिडकीतली धूळ सकाळी पुसा, दुपारी पुन्हा हजर! आमच्या नाटकाच्या ग्रुपचे किस्से तसेच आहेत. एक सांगून संपत नाही तोवर कोणीतरी म्हणतं, "अगं, ते गनचं सांगितलंस का?" म्हणून आज सगळे एकदाचे सांगूनच टाकते. मी कोण? प्रॉम्प्टर! विंगेत फाइल घेऊन बसायचं आणि कोणी वाक्य विसरलं की कुजबुजायचं. मी कोणाला दिसत नाही, पण मला सगळं दिसतं.

*

नाटक मेधाचं. आयटीतली नोकरी, वीस वर्षं कुवेतमध्ये, आणि पहिलंच नाटक लिहिलं ते थेट पॉलिटिकल थ्रिलर! एक चिमुकला देश, दोन्ही बाजूंना दोन दांडगे शेजारी. दोघांनाही तिथे आपली छावणी हवी. प्रेसिडेंट म्हणतो, "आम्ही कोणाच्याच बाजूने लढणार नाही!" जनरलने मात्र एका शेजाऱ्याला शब्द देऊन ठेवलेला. शेवटच्या सीनमध्ये प्रेसिडेंट निःशस्त्र, समोर जनरल पिस्तूल रोखून. पुढे काय?

पुढे काय ते कोणालाच माहीत नव्हतं! शेवटचं पान मेधाच्या पर्समध्ये, बंद पाकिटात. "शोच्या दिवशी उघडणार. तोवर विचारायचं नाही," असं तिने बजावलेलं.

आणि शोनंतर दोनच दिवसांनी मेधा कुवेत कायमचं सोडून नाशिकला परत जाणार होती. म्हणजे हे तिचं पहिलं नाटक आणि इथलं शेवटचं. त्यामुळे ते व्हायलाच हवं होतं, बस्स!

*

प्रेसिडेंट झाला सतीश. पुण्याचा, बँकेत नोकरीला. त्याच्या बायकोची तक्रार होती, "रोल मिळाल्यापासून कचरा टाकायला सांगितलं तरी म्हणतो, 'विचारविनिमय करून कळवतो!'"

जनरल म्हणजे आमचे इब्राहिमभाई. मूळचे रत्नागिरीकडचे, शुवैखला त्यांचं गॅरेज. आवाज असा की माइकची गरज नाही.

आता पिस्तूल कुठून आणायचं? सतीश म्हणाला, "खेळण्यातलं मागवू." मी म्हटलं, "आणि रस्त्यात पोलिसांनी गाडी थांबवली तर? 'सर, हे शांततेच्या नाटकातलं आहे' म्हणून सांगणार?"

इब्राहिमभाईंनी दुसऱ्या दिवशी गॅरेजमधली हवेची गन आणली. कॉम्प्रेसरला लावून धूळ उडवायची असते ना, ती! लांबून अगदी पिस्तूलच. तालीम रंगात आली, जनरल सत्ता ताब्यात घेणार, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गॅरेजमधला मेकॅनिक ओरडत होता, "भाई, गन किधर है? कस्टमर खड़ा है!"

इब्राहिमभाई गन रोखूनच म्हणाले, "अभी हुकूमत पलट रहा हूँ! तू कपड़ा मार दे!"

*

तालमी दर शुक्रवारी दुपारी, रुमैथियात मेधाच्या घराच्या बेसमेंटमध्ये. घरमालक अबू युसुफ वरच्या मजल्यावर राहायचे. त्यांच्या वडिलांचा मुंबईशी व्यापार होता, त्यामुळे त्यांना हिंदी चांगलं यायचं. एकदा आमची युद्धाची आरडाओरड ऐकून ते धावतच खाली आले.

"मैडम, झगड़ा है?"

मेधाने घाईघाईने सगळी गोष्ट सांगितली. अबू युसुफ पायरीवर बसले.

"छोटा मुल्क, बड़ा पड़ोसी? ये कहानी मुझे मालूम है."

नव्वद साली इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं तेव्हा ते विशीत होते आणि याच घरात होते. आम्ही त्यांच्या बेसमेंटमध्ये गॅरेजची गन घेऊन युद्ध-युद्ध खेळत होतो. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण ते रागावले नाहीत. फक्त विचारलं, "जनरल पिस्तौल रखेगा?"

"सस्पेन्स है," मेधा म्हणाली.

तेव्हापासून दर शुक्रवारी ते खाली यायचे, आणि यायचे ते हाच प्रश्न घेऊन, "रखा?"

*

येताना हातात गहवा असायचा. गहवा म्हणजे इथली वेलदोड्याची कॉफी. लांब चोचीची किटली डाव्या हातात, आणि उजव्या हाताने बिनकानाचा इवलासा कप पुढे करायचा.

पहिल्या दिवशी सतीशच्या उजव्या हातात मोबाइल. त्याने कप घ्यायला डावा हात पुढे केला. अबू युसुफ कप सोडेनात! सतीश ओढतोय, ते धरून बसलेत, दोघेही हसताहेत. शेवटी इब्राहिमभाई ओरडले, "सतीशराव, उजवा हात! डाव्याने घेत नाहीत इथे!" मोबाइल खाली ठेवला तेव्हा कुठे कॉफी मिळाली.

पुढची गंमत म्हणजे, पुरे झालं की कप हलवून दाखवायचा असतो. नाही हलवला तर ते भरतच राहतात. हे सतीशला कोणी सांगितलंच नाही. बिचारा सभ्यपणे नऊ कप प्यायला आणि तालीमभर टुणटुण उड्या मारत भाषण करत होता!

*

मग भांडण पेटलं. आणि कशावरून? त्या न वाचलेल्या शेवटच्या पानावरून!

इब्राहिमभाई म्हणाले, "ह्याने नुसतं भाषण ठोकलं म्हणून जनरल पिस्तूल ठेवील? आधी ह्याने पुढे यायला हवं!"

सतीश म्हणाला, "राष्ट्राध्यक्ष कोणापुढे झुकत नसतो!"

शब्दाने शब्द वाढला आणि दोघांचं बोलणंच बंद झालं. तीन फुटांवर बसून माझ्यामार्फत निरोप! "वैनी, त्यांना सांगा जरा सरकून उभं राहायला." आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव 'शांतता'. तो फुटला आणि 'शांतता (नवीन)' निघाला. मी तटस्थ, म्हणून दोन्हीकडे. दोन्हीकडे मला एकच मेसेज आला, "तुम्ही त्यांच्या बाजूच्या आहात हे कळतंय आम्हाला!"

तटस्थ देशाचं काय होत असेल ते मला तेव्हा कळलं हो!

*

शोला आठवडा उरला तेव्हा मी मेधाला स्वयंपाकघरात गाठलं. "बाई गं, ते पाकीट फोड आणि मिटव एकदाचं!"

तिने पाकीट फोडून माझ्या हातात दिलं. पान कोरं होतं!

"सहा वेळा लिहिलं गं," ती म्हणाली. "जनरल पिस्तूल ठेवतो असं लिहिलं की मलाच खोटं वाटतं. आणि गोळी झाडतो असं लिहवत नाही. माझ्याकडे तिकीट आहे, शेवट नाहीये." आणि रडायलाच लागली. मलाही रडू आलं. दोघी कांदा चिरायच्या फळीवर डोकं टेकून बसलो.

"रद्द करायचं का?" मी विचारलं.

"अजिबात नाही! वीस वर्षांत इथे एक तरी गोष्ट पूर्ण करून जायचंय मला."

*

शोचा दिवस. हॉल खचाखच! अबू युसुफ पहिल्या रांगेत, नवीन पांढराशुभ्र झगा, पायाशी गहव्याची किटली. शो संपल्यावर सगळ्यांना पाजायची म्हणून स्वतः घेऊन आले होते.

मेकअपरूममध्ये मेधाने दोघांना सांगितलं, "शेवट कोरा आहे. तुम्हाला खरं वाटेल ते करा." दोघांनी ऐकलं, पण एकमेकांकडे बघितलं नाही.

शेवटचा सीन आला. सतीश म्हणाला, "माझ्याकडे शस्त्र नाही." इब्राहिमभाईंनी गन रोखली. आणि माझी फाइल संपली!

दोघेही थांबले. सतीश पुढे येईना, इब्राहिमभाई हात खाली घेईनात. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे कुजबुजायला काही नव्हतं. शेजारी उभ्या मेधाने माझा दंड असा आवळला की दुसऱ्या दिवशी निळा झाला होता.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून अबू युसुफ उठले. किटली घेऊन सावकाश स्टेजच्या पायऱ्या चढले. कप भरला आणि रोखलेल्या गनसमोर, जनरलपुढे धरला.

इब्राहिमभाईंनी कपाकडे बघितलं. मग आपल्या उजव्या हाताकडे बघितलं.

टेबलावर गन ठेवल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

ते कॉफी प्यायले. कप हलवला नाही, पुन्हा पुढे केला. अबू युसुफनी पुन्हा भरला. आणि तो भरलेला कप घेऊन इब्राहिमभाई सतीशकडे चालू लागले. सतीशही पुढे निघाला होता.

पडदेवाल्याने मेधाला विचारलं, "ताई, पाडू का?"

"थांब रे!" मेधा रडत-हसत ओरडली. "प्रेसिडेंटची कॉफी व्हायचीय!"