भाचा बँकेत होता

मी शाळेत सातवीपर्यंतच गेले. पुढचं सगळं वाचून वाचून. साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर कोडी यायची, ‘चोर ओळखा’ वगैरे, ती मी आधी सोडवायची आणि मग बाकीचं वाचायची. लग्न होऊन रत्नागिरीहून इकडे सौदीत, रास तनुराला आले त्याला तीस वर्षं होऊन गेली. ही कोड्यांची खोड मात्र बरोबर आली.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक खोली आहे. आठवडाभर तिथे गणिताची, विज्ञानाची ट्यूशन चालते. पांढरा फळा आहे, बाकं आहेत, म्हणून सगळे तिला वर्गच म्हणतात. शनिवारी सकाळी तो वर्ग माझा. सगळे मला खाला म्हणतात, म्हणजे मावशी. आठ-नऊ मुलं येतात, कोणी आमच्या कोकणातली, कोणी पुण्या-नाशकाकडच्या इंजिनिअरांची. त्यांना मराठी शिकवायचं. शिकवायचं म्हणजे काय, आपल्याशी बोलतं करायचं. घरात आई मराठीत विचारते, ही पोरं इंग्रजीत उत्तर देतात, आणि आईला त्याचंही कौतुकच वाटतं.

सुरुवातीला मी पुस्तक घेऊन बसले होते. दहा मिनिटांत निम्मी पोरं जांभया द्यायला लागली. मग एक दिवस पुस्तक मिटलं आणि म्हटलं, “एका घरात चोरी झाली. तिघांवर संशय आहे. पकडा.” तर सगळी ताठ! तेव्हापासून हीच रीत पडली. नियम एकच. चोराचं नाव नुसतं ओरडायचं नाही. उभं राहून पूर्ण वाक्यात सांगायचं आणि त्यात ‘कारण’ आलंच पाहिजे. “खाला, इट्स द ड्रायव्हर!” असं कोणी म्हटलं की मी कानावर हात ठेवते. मला ऐकूच येत नाही. मग तोच पोरगा धडपडत म्हणतो, “ड्रायव्हरने चोरी केली, कारण त्याचे बूट... वेट... त्याचे बूट ओले नव्हते.” शाबास. एका वाक्यासाठी घाम फुटतो पोरांना, पण वाक्य येतं.

मागच्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी वरच्या मजल्यावरची एक बाई माझ्याकडे आली. नवरा रिफायनरीच्या कंत्राटदाराकडे फिटर. त्याचं काम संपत आलं होतं, फायनल एग्झिट लागणार होता, म्हणजे कायमचं परत जायचं. दापोलीजवळ गाव. गावात हायस्कूल एकच आणि ते मराठी.

“खाला,” ती म्हणाली, “शाळेच्या मोठ्या बाई दिवाळीनंतर घ्यायला तयार आहेत. पण म्हणतात, आधी पोरीशी फोनवर बोलून बघते. मराठी जमलं तर सातवीत, नाही जमलं तर सहावीत.”

“मग? एक वर्षच ना?”

“तिची चुलत बहीण त्याच शाळेत सातवीत आहे. सारख्या वयाची. फोनवर आत्ताच चिडवते तिला, ‘येस मॅडम, नो मॅडम’ करून. पोरगी म्हणते, सहावीत बसवलंत तर मी शाळेतच जाणार नाही.”

पोरगी माझ्या वर्गात होतीच. बारा वर्षांची, हुशार, पण तोंडात मूग. समजायचं सगळं. कोडं संपलं की तिच्या वहीत चोराचं नाव बरोबर लिहिलेलं असायचं, इंग्रजीत. उभी मात्र राहायची नाही.

त्या शनिवारी मी एक नवं कोडं रचून नेलं. फळ्यावर चित्रही काढलं. उन्हाळ्यातला रविवार, दुपारचे बारा. साहेबांच्या टेबलावरचं मनगटी घड्याळ गेलं. घरात येणारी-जाणारी तिघं. स्वयंपाकीण म्हणाली, मी चपात्या लाटत होते. माळी म्हणाला, मी बागेत झाडांना पाणी घालत होतो. भाचा म्हणाला, मी बँकेत रांगेत उभा होतो. खोटं कोण बोलतंय?

वर्ग विचारात पडला. आणि काय सांगू, ती पोरगी उभी राहिली! आपण होऊन. बाकाची कड घट्ट धरलेली.

“माळी खोटा बोलतो,” ती म्हणाली. “कारण... बारा वाजता माळी बाहेर नसतो. बंदी असते.”

आणि मी हसले. आता सांगतानाही मला कसंतरी होतं. म्हटलं, “अगं, झाडांना पाणी घालायला कसली आलीय बंदी?” मी हसले तशी सगळी पोरं हसली. कोणीतरी मागून ओरडलं, “माळ्याला अरेस्ट करा!” मी डस्टर आपटलं आणि ऐटीत उत्तर सांगून टाकलं. भाचा चोर, कारण रविवारी बँक बंद असते. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. खालाने सांगितलं म्हणजे असेल.

ती खाली बसली. वही मिटली. तास संपला तशी सगळ्यांच्या आधी जिना चढून गेली.

दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांची पाळी दुपारची होती. सकाळी म्हणाले, “चल, तुझ्या कार्डाचं काम उरकून टाकू. बँकेत जाऊ.”

“आज रविवार आहे,” मी म्हटलं.

“मग?”

“रविवारी बँक...” माझं वाक्य तिथेच अडलं.

“काय झालं? यल्ला, चल लवकर, बुरखा घाल, गर्दी होईल.”

इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची. रविवार म्हणजे आठवड्याचा पहिला दिवस, सगळं सताड उघडं. इतकी वर्षं मी रविवारी ह्यांचा डबा भरतेय, मुलांना शाळेच्या बसमध्ये चढवत आलेय. आणि कोडं रचायला बसले तर डोक्यात रविवार रत्नागिरीचा! बँकेत नंबराची चिठ्ठी हातात धरून मी पाऊण तास बसले होते. माझ्यापुढे वीसेक माणसं. भाचा बिचारा खरं बोलत होता.

परतताना साडेबारा झाले होते. रस्त्याकडेच्या बागेत नारिंगी कपड्यातले माळी भिंतीच्या सावलीत आडवे पडलेले, तोंडावर रुमाल. मी ह्यांना विचारलं, “हे आत्ता काम नाही करत?”

“उन्हाळ्यात बारा ते तीन उघड्यावर काम करायची बंदीच आहे,” हे म्हणाले. “आमच्या साइटवर फलक लावलाय की. इतकी वर्षं सांगतोय, ऐकतेस कुठे!”

तिचा बाप रोज ह्याच वेळेला सावलीत बसत असणार. तिला माहीत नसेल तर कोणाला? पोरीने इथलं खरं सांगितलं होतं आणि मी तिला तिथल्या खोट्याने खाली बसवलं होतं.

ह्यांनी सुचवलं, “वर जाऊन सांगून ये तिला.” पण मी म्हटलं, नाही. हसले सगळ्यांसमोर, तर कबूलही सगळ्यांसमोरच करायला पाहिजे. आठवडा मात्र कसा काढला ते माझं मला ठाऊक. पोरगी येते की नाही हीच धास्ती.

आली. मागच्या बाकावर बसली.

मी फळ्यावर काहीच काढलं नाही. म्हटलं, “मागच्या शनिवारी ह्या वर्गात एका निरपराध माणसाला चोर ठरवलं गेलं. आज संशयित मी आहे. मी तीस वर्षं इथे राहते. आणि मी म्हणाले की रविवारी बँक बंद असते. मला पकडा.”

एकदम कल्ला! “खाला खोटं बोलल्या!” “खालाने घड्याळ घेतलं!” एकजण तर माझं मनगट तपासायला पुढे आला. मी सगळ्यांना म्हटलं, “कारण? कारण सांगा!” कोणाला सांगता येईना. मी तिच्याकडे बघितलं नाही. मुद्दामच.

मग मागून आवाज आला. “खाला खोटं नाही बोलल्या.”

वर्ग वळला. ती उभी होती.

“खाला चुकल्या. कारण त्यांचा रविवार तिकडचा आहे. आणि माझा इकडचा आहे. मी तिकडे गेली की मी पण चुकणार. रोज. आणि सगळी हसणार.”

मी म्हटलं, “हसतील. मी हसलेच की. पण तू बरोबर होतीस आणि मी हसले. हसणारं माणूस बरोबरच असतं असं काही नाही, बाळा.” एवढंच सुचलं. माळ्याचं कोडं मग तिने सगळ्यांना पुन्हा समजावून दिलं, बंदीसकट, अडखळत अडखळत. कोणी हसलं नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मोठ्या बाईंचा फोन आला. आईने पोरीला माझ्याकडेच आणलं होतं, म्हणून फोन माझ्याच घरात, स्वयंपाकघराच्या ओट्यावर डब्याला टेकवून ठेवला. स्क्रीनवर बाई, चष्मा नाकावर.

नाव, गाव, आवडता विषय झालं. मग बाई म्हणाल्या, “तुझ्या घराच्या खिडकीतून काय दिसतं, ते सांग बघू.”

“रस्ता दिसतो. समुद्र थोडा दिसतो. आणि...” ती अडली. आईने तोंडावर पदर धरला. मी ओठ चावून उभी, सांगायचं नाही असं ठरलेलं.

“बाई,” ती म्हणाली, “मला त्याचा मराठी शब्द येत नाही. पण तुम्ही ओळखा. तुम्ही विचारा, मी हो-नाही सांगते.”

बाईंनी चष्मा वर केला. “बरं. खायची वस्तू आहे?”

“नाही.”

“दिवसा दिसते?”

“दिसते, पण रात्री जास्त. कारण ती जळते.”

“दिवा?”

“नाही. दिव्यापेक्षा खूप मोठी. खूप उंच आहे आणि कधीच विझत नाही, कारण खाली तेलाचं काम चालतं.”

“शेकोटी म्हणावी तर उंच... चिमणी? चिमणीच्या टोकावरची आग?”

“हो! तीच!” ती एवढ्याने ओरडली की डबाच सरकला आणि बाई तिरप्या झाल्या.

बाई हसत होत्या. म्हणाल्या, “अगं, ह्याला मराठीत काय म्हणतात ते मलाही नाही ठाऊक. सातवीत ये. पण पहिला महिना माझ्या समोरच्या बाकावर बसायचं, कळलं?”

“हो, बाई,” ती म्हणाली. फोन बंद झाला. तिने माठातून दोन पेले पाणी काढलं आणि उभ्याउभ्याच पिऊन टाकलं.