बाबांनी वाटलेल्या चिठ्ठ्या

उत्तर-दक्षिणेची लढाई संपून, आमची गुलामी सुटून अकरा वर्षं झाली होती. माझे वडील टायटस मंगिन एकदा निवडून येऊन दक्षिण कॅरोलिनाच्या विधानसभेला दुसऱ्यांदा उभे होते. भाषण करताना ते हातात वर्तमानपत्र धरायचे. सकाळीच मी ते त्यांना वाचून दाखवलेलं असायचं. ‘डोळे थकलेत गं,’ म्हणायचे. मी कधी काही विचारलं नाही.

मतदानाच्या चिठ्ठ्या पक्षच छापायचे. आमच्या बेटावरची माणसं वरच्या गरुडाच्या चित्रावरून आपल्या पक्षाची चिठ्ठी ओळखत. मतदानाच्या मंगळवारी शहरातून गठ्ठा आला. बाबांनी वरची चिठ्ठी उचलली, ओठ हलवले, मान डोलावली. ‘आपलीच.’ भातखाचरांतून थेट आलेल्या त्रेसष्ट जणांनी ती त्यांच्या हातून घेऊन पेटीत टाकली. गरुड आमचा होता. खालची नावं जुन्या मालकांची; त्यांनीच तो गठ्ठा फसवून छापला होता.

निकालात ते कळलं, आणि शेजारच्या बेटांना थट्टेला विषय मिळाला. ‘एका मताला डुकराचं मांस किती मिळालं रे?’ आमच्या शेजारच्या बायना मावशीने तर नवऱ्याचं अंथरूण अंगणात फेकलं. ‘मालकाला मत दिलंस ना? त्याच्याच ओसरीवर नीज जा!’

प्रार्थनाघरातले वडीलधारे कफीकाका घरी आले. ‘टायटस, मतदानाची चौकशी करायला समिती येतेय. आम्ही विकले गेलो असं लिहून नेतील. तू चिठ्ठी वाचली होतीस ना?’

‘वाचली होती,’ बाबा म्हणाले. मी चुलीवरची भेंडी ढवळत राहिले.

समितीपुढे गोऱ्या वकिलाने तीच चिठ्ठी पुढे केली. ‘वाचा, आमदारसाहेब.’

बाबांनी घसा खाकरला आणि आमच्या उमेदवारांची नावं ओळीने, खणखणीत म्हटली.

‘यातलं एकही नाव इथं नाही,’ वकील म्हणाला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे.

‘मला वाचता येत नाही,’ ते म्हणाले. ‘ह्यांनी काही विकलं नाही. ह्यांनी माझं ऐकलं.’

कारकुनाने लिहून घेतलं. मतं परत मिळाली नाहीत; विकले गेल्याचं मात्र कुणाला लिहिता आलं नाही.

परतताना होडीत कफीकाका त्यांच्याजवळ सरकले. ‘सांगायचंस की रे, गाढवा. मला तरी कुठं येतं?’

बाबा पाण्याकडे बघत होते. मला वाचता येत होतं. त्या मंगळवारी मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. एवढ्या लोकांदेखत बापाच्या हातातला कागद मागायचा कसा, म्हणून गप्प राहिले होते. हे मी समितीला सांगितलं नाही, आणि होडीतही नाही.