क्रॉसिंगची पाटी
शेजारच्या बाल्कनीतून ऑइलपेंटचा वास आला की मला जपानमधल्या कावासाकी शहरातलं मॉडेल रेल्वेचं ते प्रदर्शन आठवतं. नवऱ्यानं कॅनडातल्या एका गावाची रेल्वेलाइन हुबेहूब उभारली होती. त्यातली झाडं, कुंपणं आणि क्रॉसिंगवरच्या लाल काठाच्या, फुलीच्या आकाराच्या पांढऱ्या पाट्या महिनाभर डोळे ताणून मी रंगवल्या होत्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा वर करून त्या इवल्याशा पाट्या निरखल्या आणि विचारलं, “या कोणी केल्या?” “मीच,” नवरा हसून म्हणाला. तेवढं जपानी मला कळत होतं. परतताना मी विषय काढला, तर म्हणाला, “अगं, एवढं काय त्यात!” त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून मी ब्रश हातात धरलेला नाही, आणि का, ते त्यानं अजून विचारलेलं नाही.