बापाच्या पापातला वाटा

शिंप्याच्या दुकानातल्या मागच्या खोलीत काजं करणाऱ्या बाईला चर्चच्या मंडळीतले सगळे ‘वचनताई’ म्हणायचे. कुणी दुखणं घेऊन आलं की ताई काज अर्धवट ठेवून बायबलातलं एक वचन सांगायच्या. नवरा पितो? हे घे. सासू छळते? हे घे. एक वचन मात्र त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवलं होतं. बापाच्या पापाचा जाब देव पोरांना विचारतो, थेट तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत.

बाप होताच तसा. नोकरीच्या आशेने त्याने कोर्टात खोटी साक्ष दिली आणि निर्दोष शेजारी तुरुंगात जाऊन तिथेच मेला. तेव्हा ताईंचं लग्न ठरलेलं. ‘खोटारड्याची पोर नको’ म्हणत मुलाकडच्यांनी ते मोडलं, आणि मग कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. ठीक आहे बाबा, शास्त्रातच लिहिलंय, असं म्हणत ताईंनी सुई हातात घेतली ती घेतलीच.

पण धाकटी बहीण? ती तेव्हा बोबडं बोलत होती. ती मोठी होईपर्यंत लोक सगळं विसरले आणि दुकानाच्या मालकानेच तिला मागणी घातली! आता ती पुढे गल्ल्यावर बसायची, आणि ताई मागे, दिव्याखाली, डोळे फोडत. बाप एकच ना? मग एक तुपाशी आणि एक उपाशी, हा कुठला न्याय? पुढून धाकटीचं हसू ऐकू आलं की ताईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. देवा, हिचा वाटा हिला कधी देणार, असं त्या चक्क प्रार्थनेत विचारायच्या. डोळे मिटून, हात जोडून!

आणि धाकटीला दिवस गेले.

सातव्या महिन्यात ती एका दुपारी मागे आली, दार लोटून घेतलं आणि स्टुलावर टेकली. “ताई, खरं सांग. बाबांनी केलं ते माझ्या बाळाला भोवेल का गं?”

दुसरं वचनही ताईंना तोंडपाठ होतं. जो पाप करील तोच मरेल, मुलगा बापाचं पाप भोगणार नाही. बायबलातच, यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलंय. पहिल्याच्या अगदी उलट! दोन्हींचा मेळ कसा बसतो, हे ताईंनी कधी कुणाला विचारलं नव्हतं, कारण दुसरं खरं ठरलं असतं तर धाकटीचं सुख रीतसर तिचंच झालं असतं. आत्ता ते अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर ते पोट दिसत होतं.

“तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत,” ताई म्हणाल्या. “लिहिलंय तसं.”

धाकटी पांढरीफटक पडली. तिने ताईंचा हात घट्ट धरला. “पण ते तर तुझ्यावरच फिटलं ना? तुझं लग्न मोडलं, घर नाही, मूल नाही. आमच्या वाटचंही तूच भोगलंस. मी यांना नेहमी म्हणते, ताई होती म्हणून मी सुटले.”

मनापासून म्हणाली हो ती, डोळ्यांत पाणी आणून. म्हणून तर ताईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“मी काय तुमच्या पापांची मोरी आहे?” त्यांनी हात हिसकावून घेतला. “देवाने शिक्षा केलेली बाई वाटते मी तुला? साफ खोटं आहे! ज्याचं पाप त्याच्या माथी. मुलगा बापाचं भोगत नाही, हेही लिहिलंय. मी नाही भोगलं, तू नाही भोगणार, तुझं पोरही नाही!”

पुढच्या खोलीतली मशीन थांबली. धाकटीने दोन्ही हात पोटावर ठेवले आणि कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. मग तिने ताईंकडे पाहिलं.

“मग ताई, तुझं असं कशामुळे झालं गं?”

“कशामुळेच नाही,” ताई म्हणाल्या. “नुसतंच झालं.” आणि त्या अशा ओक्साबोक्शी रडायला लागल्या की पुढून मालक कात्री हातात घेऊनच धावत आला.