एका कागदावरची चाळ

घोडपदेवच्या त्या चाळीमागं परसाएवढी मोकळी जागा. तिथं पापड वाळतात, लग्नाचा मांडव पडतो, आणि तिरडीही तिथंच बांधतात; जिन्याच्या वळणावर तिरडी फिरत नाही. माणूस चादरीत घालून खाली आणायचा, मग बांधायचा. बुधाजीची बायको शेवंती चार महिने अंथरुणाला खिळलेली. म्हणून म्हाताऱ्याचं ध्यान त्या जागेवर.

महापालिकेच्या नव्या आराखड्यात तिथं वाहनतळ दाखवलं. हरकत घ्यायला तीस दिवस. शेजारची पोरगी, पूर्वी, मोबाईलवर नकाशा दाखवत म्हणाली, "आजोबा, प्रत्येकानं आपापला अर्ज द्यायचा. सुनावणीलाही जमेल तेवढ्यांनी यायचं. तिथं अर्ज मोजतात."

"गो बाय, आमच्या देवळात एकटोच गाऱ्हाणा घालता, बाकीचे मागसून 'व्हय म्हाराजा' म्हणतत. देवाक पोचता, मगे सायबाक कित्याक पोचाचा नाय?"

चाळ हसली. गणपतीपुढं चाळीचं गाऱ्हाणं चाळीस वर्षं बुधाजीच घालत आलेला. एकाच कागदावर दोनशे बारा सह्या झाल्या. कागद त्याच्या हाती देऊन जो तो कामाला लागला.

सुनावणीचा साहेब तसा भला. पाणी दिलं, कागद शेवटापर्यंत वाचला.

"चाळीचा अर्ज हा एकच?"

"एकच. सगळ्यांचो."

"बरोबर कोण आलंय?"

बुधाजीनं सवयीनं मागं बघितलं. रिकाम्या खुर्च्या. व्हय म्हणायला कुणी नाही.

कारकुनानं लिहिलं: हरकत, एक. समोरच्या टॉवरवाल्यांचे वाहनतळाच्या बाजूनं एकशे चाळीस अर्ज होते. मजकूर तोच, कागद वेगळे.

"आता उरलेल्यांचे आणून दिलय तर?"

"मुदत गेली, आजोबा."

बुधाजीनं मान हलवली, पाणी पिऊन टाकलं, पेला जागेवर ठेवला.

दिवाळीच्या आधी मंजूर नकाशा लागला. वाहनतळ कायम. बुधाजी तो बघून वर आला, शेवंतीला पेज भरवायला बसला.

"काय झाला त्या जागेचा?"

"गाडये लावतले थय."

"मगे माका खय बांधतल्यात?"

त्यानं चमच्यावर फुंकर मारली.

"गल्लीत."

"रस्त्यार?"

"रस्त्यार."

"मीठ कमी पडला हा," ती म्हणाली.

तो मीठ आणायला उठला.