टाचेवरचा बिब्बा

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पलूसजवळच्या आमच्या उसाच्या रानात पळायचं ते पाटाचं पाणी फुटलं तरच. त्यामुळं साताऱ्याला सव्वीस मैलांची शर्यत आहे, तिघांनी नावं देऊ, असं सांगलीतल्या माझ्या दोन मित्रांनी ठरवलं तेव्हा मी हो म्हणालो ते केवळ कमी दिसू नये म्हणून.

लढाईची वर्षं होती ती. तिघांत मिळून एकच लोकरीची जर्सी होती. दोघांतला एक रहिमतपूरचा, त्याच्या भावानं फौजेतून पाठवलेली. कडाक्याच्या थंडीत आम्ही पहाटे निघून माधवनगरच्या पुढं जायचो. ठरलेल्या मैलाच्या दगडाशी जर्सी काढून पुढच्याला द्यायची. दुसऱ्याच्या घामानं ओली झालेली ती जर्सी गार वाऱ्यात अंगात घालताना दात वाजायचे, पण कुणी आपली पाळी सोडली नाही.

दुसरा मित्र पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. तो अनवाणी पळायचा आणि दगडावर बसून माझी वाट बघायचा. मी दिसलो की म्हणायचा, "आलं का रं पाटाचं पाणी? का मधीच मुरलं?"

त्याला पहिला नंबर नको होता. त्याचे वडील दिवाळीनंतर मेंढरं घेऊन नदीकाठाला उतरत. त्या साली कळप रहिमतपूरच्या रानात होता. मुलानं शिकणं त्यांना पसंत नव्हतं. बाकावर बसून तुझं पाय गेलं, असं म्हणून ते दोन वर्षं त्याच्याशी धड बोलले नव्हते. शर्यत साताऱ्याहून निघून, कोरेगाव ओलांडून, रहिमतपूरच्या वाटेवरच्या एका वडापासून परत फिरणार होती. त्यानं वडिलांना निरोप धाडला होता की, त्या वडाखाली उभं राहा. वडील येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत. त्याला त्या वडापर्यंत पळत जायचं होतं, एवढंच.

थंडीनं त्याच्या टाचांना भेगा पडल्या. शर्यतीला चार दिवस राहिले तेव्हा दगडावर रक्ताचे डाग दिसू लागले. आमच्याकडं भेगांना बिब्बा घालतात. दाभणाला टोचलेला बिब्बा दिव्यावर धरायचा आणि सुटलेलं काळं तेल भेगेत भरायचं. आई दर थंडीत हे करायची. मी बाजारातून बिब्बे आणले.

"तुला येतंय न्हवं?" त्यानं विचारलं.

मी व्हय म्हणालो. पळण्याच्या कामात मला त्या दोघांपेक्षा जास्त काही ठाऊक असण्याची ती पहिलीच वेळ होती. बिब्बा एखाद्याला सोसत नाही, अंगावर उततो, हे मी ऐकलेलं होतं. पण आमच्या घरात तो कधी कुणाला उतला नव्हता. त्यामुळं त्याला विचारायचं मला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या पायांना खाज सुटली. तिसऱ्या दिवशी घोट्यापर्यंत फोड आले. उतारा म्हणून मी तीळ वाटून लावले, खोबरं चावून लावलं. पाय सुजतच गेले. मी नुसता बघत होतो.

तरी तो साताऱ्याला आला. शर्यत सुटायच्या जागी एका कठड्यावर पाय लांब करून बसला आणि जर्सी मला दिली. म्हणाला, "म्हातारा वडाखाली असंल. त्येला सांग, पाय गेलं न्हाईत. बिब्बा उतलाय."

रहिमतपूरचा मित्र माझ्या खूप पुढं निघून गेला. वडाखालून तो मान खाली घालून गेला, थांबायचा धीर झाला नाही, असं त्यानं नंतर मला सांगितलं. मी पोचलो तेव्हा पळणं कधीच संपलं होतं, मी चालत होतो. वडाखाली खांद्यावर घोंगडं टाकलेला एक म्हातारा उभा होता. कपाळ थेट लेकाचं, त्यावरून मी ओळखलं.

"आबा, मी तुमच्या लेकाबरूबरचा."

"त्यो मागं हाय व्हय?"

"न्हाई. त्यो पळालाच न्हाई. टाचंला बिब्बा उतला. मीच घातला हुता."

ते माझ्या पायांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "अंगावर पीत हुता तवा बी उतला हुता. मरता मरता वाचला. त्येला कसं ठावं असणार." घोंगडं सावरत त्यांनी विचारलं, "तीळ लावलं?"

"लावलं."

"मग आता कुणाच्या हातात काय न्हाई."

मी निरोप सांगितला. त्यांनी ऐकून घेतला. खरा वाटला की मित्राची बाजू राखायला आलोय असं वाटलं, ते मला कळलं नाही. मेंढरं सोडून सकाळपासनं उभा हाय, एवढं बोलून ते रानात उतरले.

मी साताऱ्याला परतलो तेव्हा दिवस कलला होता. तो कठड्यावर तसाच बसला होता.

"आला हुता?"

"आला हुता. सकाळपासनं उभा हुता."

"पटलं त्येला?"

मी व्हय म्हणालो. त्यानं माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं आणि हात पुढं केला.

"गार लागतंय," तो म्हणाला. "जर्सी दे."